दिवसाला काय ठाऊक?

शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला आणि १६ जून १६७४ रोजीही झाला. दोन्ही विधानं खरी आहेत, आणि दोन्ही रायगडावरच्या त्याच एका पहाटेबद्दल आहेत. मी महाडच्या एका शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. हे वाक्य वर्गात टाकलं की मागच्या बाकावरची झोपलेली मुलंसुद्धा डोळे उघडायची, म्हणून ते मी दरवर्षी जपून वापरत असे.

यात जादू काही नाही. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२मध्ये जुनं रोमन कॅलेंडर दुरुस्त केलं. त्या वर्षी ऑक्टोबरच्या ४ तारखेला गुरुवार होता आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवारी थेट १५ तारीख उजाडली. पोर्तुगालने ते लगोलग मानलं. इंग्रजांनी मात्र १७५२ उजाडेपर्यंत जुनीच तारीख चालवली. तेव्हा १६७४च्या जूनमध्ये आपल्या या कोकणपट्टीवर दोन तारखा शेजारीशेजारी नांदत होत्या. मुंबईला इंग्रज, चौलला पोर्तुगीज. मुंबईहून मचव्यात बसलेला माणूस चौलच्या बंदरात उतरला की कागदावर दहा दिवसांनी मोठा होई. राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्झिंडेन इंग्रज, म्हणून त्याच्या हिशोबाने ती ६ जून. आपल्या इतिहासकारांनीही शकाच्या तिथी बदलून घेताना तीच जुनी इंग्रजी गणना धरली आणि ती आपल्या अंगवळणी पडली. आज भिंतीवर जे कॅलेंडर टांगलेलं असतं, त्याच्या हिशोबाने मात्र तो दिवस १६ जून. शिवजयंतीचंही तेच. १९ फेब्रुवारी १६३० ही जुनी तारीख. आजच्या गणनेने ती १ मार्च.

वाराचंही एकमत नाही. जेधे शकावली सांगते की महाराज शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली असताना सिंहासनावर बसले. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्य उगवायला सव्वा तास होता. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे तो अजून शुक्रवारच. इंग्रजी मध्यरात्र केव्हाच उलटून गेलेली, म्हणून ६ जूनला शनिवार. तिथी शुक्रवारी सकाळी द्वादशी होती, ती दुपारनंतर बदलून ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी लागली होती.

हा घोळ मला घरचाच आहे. माझे वडील रात्री दोनच्या सुमाराला गेले. मृत्यूच्या दाखल्यावर बुधवार आहे. आई स्वतः जाईपर्यंत मंगळवारच म्हणत राहिली, कारण तिच्या लेखी उजाडलंच नव्हतं. वडिलांचं श्राद्ध तिथीने, पेन्शनचे कागद तारखेने, आणि माझ्या मनात ते येतात ते भलत्याच दिवशी, कुणी बाजारात सुके सोडे निवडताना दिसलं की.

आता २०२३ आठवा. राज्याभिषेकाचं साडेतीनशेवं वर्ष लागणार होतं. तिथीप्रमाणे सोहळा २ जूनला झाला, सरकार झाडून गडावर आलं. तारखेप्रमाणे ६ जूनला झाला, लाखावारी शिवभक्त आले. दोन्ही वेळा महाडच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागली आणि वडापाववाल्यांना दोन्ही पक्ष सारखेच पटले. तिथीवाले तारखेला परकी म्हणतात, तारीखवाले तिथीला पुरोहितांची म्हणतात. दोघांनाही कुणी सांगत नाही की आजच्या कॅलेंडरात मागे मोजत गेलं तर ६ जून हा तो दिवसच नव्हे. ६ जूनला रायगडाचा कातळ बहुतेक वर्षी तापलेला असतो. महाराजांनी ज्या आभाळाखाली छत्र धरलं ते आभाळ आपल्या जूनच्या मध्याचं, मृग लागून आठवडा उलटल्यानंतरचं. शाळा उघडते त्या दिवसांतलं.

मग खरा दिवस कुठला? आणि त्याहून अवघड प्रश्न : दिवस 'परत येतो' असं आपण म्हणतो, तेव्हा परत नेमकं काय येतं?

आमच्या शाळेत विज्ञानाचे एक सर होते, ते या विषयावर मला मधल्या सुट्टीत गाठायचे. म्हणायचे, "बाई, पृथ्वी सूर्याभोवती फिरून त्याच जागी आली म्हणून वर्ष झालं म्हणता. पण सूर्य तरी कुठे थांबलाय? तो स्वतःच पळतोय, सगळं लटांबर घेऊन. सोळाशे चौऱ्याहत्तर साली पृथ्वी जिथे होती, तिथे ती पुन्हा कधीच गेलेली नाही." त्यांच्या मते सगळे दिनविशेष म्हणजे रिकाम्या हवेत मारलेल्या खुंट्या. मला त्यांचं बोलणं आवडायचं, कारण ते नवं नव्हतं. आपल्याकडे वैशेषिकांनी ते फार आधी, दुर्बिणीशिवाय म्हटलेलं आहे. त्यांच्या नऊ द्रव्यांत काल हे एक द्रव्य. ते एकच आहे, सर्वत्र आहे, नित्य आहे आणि त्याला तुकडे नाहीत. क्षण, प्रहर, दिवस, मास हे तुकडे आपण सूर्याच्या हालचालीच्या आधाराने पाडतो. त्याला ते उपाधी म्हणतात. म्हणजे मंगळवार हा काळाचा गुण नव्हे, आपल्या मोजण्याचा. काळाच्या अंगावर कुठेही अमृतसिद्धियोग गोंदलेला नसतो.

मजा अशी की हे मानणारे शास्त्रीपंडितही मुहूर्त काढतच राहिले. तत्त्वज्ञान एका खोलीत, पंचांग दुसऱ्या. राज्याभिषेकाच्या निमित्ताने या दोन खोल्यांमधलं दार एकदा चांगलंच आपटलं होतं, आणि पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

गागाभट्ट काशीचे म्हणून आपण सांगतो. घराणं मूळचं पैठणचं. त्यांचे चुलते कमलाकरभट्ट म्हणजे 'निर्णयसिंधू'चे कर्ते. सण कुठल्या दिवशी धरावा, तिथी दोन सूर्योदयांना शिवली तर काय करायचं, एकाही सूर्योदयाला शिवली नाही तर काय, याचा निवाडा अजूनही ज्या ग्रंथावरून होतो तो हा. म्हणजे दिवस ठरवण्याची विद्या गागाभट्टांच्या घरात पाण्यासारखी भरलेली. त्यांनी मुहूर्त काढला, राज्याभिषेक झाला, आणि बाराव्या दिवशी पाचाडला जिजाऊसाहेब गेल्या.

निश्चलपुरी गोसावी हे तांत्रिक परंपरेतले. त्यांनी बोट ठेवलं. 'शिवराजराज्याभिषेककल्पतरू' नावाचा संस्कृत ग्रंथ आहे, त्यात ही सगळी बाजू मांडलेली आहे. गागाभट्टांनी स्थानदेवतांना मान दिला नाही, तांत्रिक विधी टाळले, म्हणून अपशकुन झाले, असा त्याचा सूर. यादीही देतात : सेनापती प्रतापराव पडले, महाराजांच्या राणी काशीबाई गेल्या, समारंभात गागाभट्टांच्या नाकावर लाकूड पडलं, आणि मग आईसाहेब. यादी वाचताना इतिहासाच्या शिक्षिकेची पेन्सिल आपोआप हातात येते. प्रतापराव नेसरीला पडले ते फेब्रुवारीत, काशीबाई मार्चमध्ये. राज्याभिषेक जूनमध्ये. कारण मागाहून आणि कार्य आधी, असा हा अपशकुन. पण दुःख झालेल्या घरात अशा याद्या नेहमीच तयार होतात. आमच्याही घरी झाली होती, वडील गेले तेव्हा, आणि तीतही कावळा आधी ओरडला होता की नंतर याचा हिशोब कुणी मागितला नाही.

महाराजांनी दुसरा राज्याभिषेक करून घेतला. आश्विन शुद्ध पंचमी, जुन्या तारखेने २४ सप्टेंबर १६७४. यावर दोन टोकांची मतं ऐकू येतात. महाराज अंधश्रद्ध होते, हे एक. महाराजांनी वैदिकांना डावलण्यासाठी मुद्दाम केलं, हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत. राजाला आपल्या राज्यातली जी माणसं सिंहासनापाशी उभी हवी असतात, त्यांना ज्या भाषेत 'हा राजा' हे पटतं, त्या भाषेत तो पुन्हा एकदा बोलला, इतकंच मला त्यात दिसतं. मुहूर्ताच्या शक्तीचा पुरावा हवा असेल तर तो कुठल्याच बाजूने मिळत नाही. एक नव्हे, दोन शास्त्रांनी बसवलेले महाराज सहा वर्षं पुरी व्हायच्या आत, चैत्र पौर्णिमेला गेले. आणि राज्य पुढे ज्या वर्षांत टिकलं, त्या वर्षांत त्याला धड सिंहासन नव्हतं की राजधानी.

हे झालं मुहूर्ताबद्दल. पण मग ६ जूनच्या गर्दीला काय म्हणायचं? विज्ञानाच्या सरांसारखं हसून मोकळं व्हायचं?

इथे मला गागाभट्टच उपयोगी पडतात, पण त्यांचा मुहूर्त नव्हे. गागाभट्ट मुळात मीमांसक. 'भाट्टचिंतामणी' हा त्यांचा ग्रंथ मीमांसेवरचा. मीमांसक कर्माचे प्रकार पाडतात. काम्य कर्म म्हणजे काहीतरी हवं म्हणून केलेलं : पुत्र हवा, पाऊस हवा, सत्ता हवी. नित्य कर्म म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या संध्येसारखं. ते केल्याने वेगळं फळ काही मिळत नाही. मात्र चुकलं तर दोष लागतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते व्यवहाराला धरून वाटलं नाही. फळ नाही आणि दंड आहे, असा सौदा कोण करेल? पुढे घरात म्हातारी माणसं सांभाळायला लागले आणि कळलं की बहुतेक खरी कामं याच जातीची असतात. आईला रोज वेळेवर जेवायला वाढलं म्हणून कुणी पदक दिलं नाही. एक दिवस उशीर झाला असता तर मी स्वतःलाच तोंड दाखवू शकले नसते.

दिनविशेषाकडे मी या नजरेने बघते. दिवसात काही नसतं. त्या दिवशी कुणी शब्द दिला असेल तर त्या शब्दाचं देणं मात्र आपल्या अंगावर असतं, आणि देणं आठवायला एखादी तारीख लागते. ती जुन्या कॅलेंडरातली असो, नव्या, की तिथी. सावकाराला चुकतं करताना वही कुठल्या शाईची आहे हे कुणी बघत नाही. त्यामुळे ६ जून 'चुकीची' आहे म्हणून मी रायगडावर जाणं सोडलं नाही. गुडघे बोलायला लागल्यापासून रोपवेने जाते.

नित्य आणि काम्य यांतला फरक गडावर डोळ्यांनी दिसतो. होळीच्या माळाच्या कडेला बसून भाकरी सोडणारी, रात्रभर चालत आलेली साताऱ्या-सांगलीकडची पोरं असतात. त्यांना गडावरून काही न्यायचं नसतं, मातीची चिमूट सोडली तर. आणि एक मंच असतो. मंचावरच्या मंडळींचं कर्म काम्य आहे हे समजायला मीमांसा वाचावी लागत नाही, निवडणुकीचं वेळापत्रक पुरतं.

महाराजांनी स्वतः मात्र त्या दिवसापासून एक नवीच गणना सुरू केली, राज्याभिषेक शक. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला त्याचं वर्ष बदलायचं. काळ एक आहे, त्याला तुकडे नाहीत, हे वैशेषिकांचं म्हणणं मान्य करूनही मला हे धाडस फार मोठं वाटतं. आजवर तीनशे वर्षं आम्ही तुमच्या हिजरीत, तुमच्या शुहूरात तारखा घातल्या. आता आमच्या राज्याच्या पहिल्या दिवसापासून मोजू. मुहूर्त मानणारा माणूस काळाकडे दिवस मागतो. शक सुरू करणारा काळाला दिवस देतो.

महाडकरांना हे सगळं विसरून चालत नाही, कारण आमच्याकडे दुसरा एक दिवस आहे आणि तो या पहिल्याची उलटतपासणी घेतो. २० मार्च १९२७. चवदार तळं.

तो दिवस इथे वाढलेल्या माणसाला वेगळा शिकावा लागत नाही. अस्पृश्य मानलेल्यांची परिषद आदल्या दिवशी सुरू झालेली. रविवारी सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठवून त्यांच्यावर हल्ला झाला. आणि मग गावातल्या मंडळींनी तळं 'शुद्ध' केलं : एकशे आठ घागरी पाणी उपसून, गोमूत्र, शेण, दूध, दही पुन्हा तळ्यात ओतून, मंत्र म्हणून.

एका मे महिन्यात घरी जंत्री उघडून बसले होते, दुसऱ्याच कशासाठी तरी. सहज २० मार्च १९२७ची तिथी बघितली. फाल्गुन वद्य द्वितीया. तुकाराम बीज.

मी नास्तिक नाही आणि फार भाविकही नाही. पण अंगावर काटा आला हे कबूल करते. ज्याच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्याची तिथी, आणि पाण्यावरचा हा हक्क. बाबासाहेबांच्या 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग असे, हेही आठवलं. अर्धा तास तरी मी ते पान मिटू शकले नाही. कुणीतरी वरून जुळवून आणलं असावं असं वाटण्याचा तो अर्धा तास होता.

मग त्या एकशे आठ घागरी डोळ्यांपुढे आल्या.

कारण युक्तिवाद एकच आहे. दिवसाला पुण्य चिकटतं असं मी म्हणणार असेन, तर पाण्याला विटाळ चिकटतो म्हणणाऱ्याला मी कुठल्या तोंडाने थांबवणार? दोन्हीत एकच समज आहे : की वस्तूत, जागेत, वेळेत माणसाच्या करण्यापलीकडचं काहीतरी जाऊन बसतं, टिकतं, आणि मंत्राने वाढवता किंवा धुता येतं. शुभ मानलं की अशुभ मागच्या दाराने येतंच. घरात सत्यनारायण असला की मला कोपऱ्यात कांबळ्यावर बसवलं जायचं, चार दिवस. माझ्या आजीला त्यात क्रूरपणा वाटत नसे. तिच्या लेखी पूजेचा दिवस पवित्र होता, म्हणून मला बाजूला बसणं भाग होतं. दिवस जितका पवित्र, तितकी मी लांब. पावित्र्याची किंमत कुणीतरी दुसरं भरत असतं, आणि ते कोण हे बहुतेक आधीच ठरलेलं असतं.

म्हणून तुकाराम बीजेचा तो योगायोग मी योगायोग म्हणूनच ठेवला. आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण त्याच्या जोरावर त्या रविवारला एक कणभरही जास्त वजन द्यायला मी तयार नाही. त्याला ज्यांनी वजन दिलं ती माणसं आपल्या पायांनी तळ्यावर गेली होती आणि त्यांतल्या कित्येकांची डोकी फुटली होती. एखादी प्रतिपदा किंवा अष्टमी असती तरी पाणी तेवढंच ओलं होतं.

मीमांसकांचं बोट धरून इथवर आले, पण इथे ते सोडावं लागतं, हेही सांगायला हवं. नित्य कर्म कुणी करायचं? ज्याला अधिकार आहे त्याने. अधिकार कुणाला नाही याची यादी ज्या ग्रंथांत आहे, त्यांतला एक, मनुस्मृती, त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच जाळला गेला. ठराव मांडला बापूसाहेब सहस्रबुद्ध्यांनी, जन्माने ब्राह्मण. डिसेंबरच्या त्या परिषदेला जागा गावात कुणी देईना, ती दिली फत्तेखान यांनी. २५ डिसेंबर आता स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळतात, आणि पाळणाऱ्यांत माझ्या ओळखीच्या पुष्कळ जणी आहेत. तेव्हा नित्य कर्माचा विचार मी गागाभट्टांच्या घरून उसना आणलेला आहे, आणि त्यांच्या घराच्या अटींवर तो परत करायचा माझा इरादा नाही. देणं प्रत्येकाच्या अंगावर आहे. फेडण्याचा अधिकारही प्रत्येकाला.

यावर एक आक्षेप मला चांगला वाटतो. माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने घेतला होता, तो आता वकिली करतो. म्हणाला, "बाई, तुम्ही पावित्र्य बाहेर काढलंत आणि कर्तव्य आत आणलंत. पण माणसं कर्तव्यासाठी इतक्या लांबून येत नाहीत. वीस मार्चला क्रांतिस्तंभापाशी म्हातारी बाई डोकं टेकते, ती काय देणं फेडायला? तिला तिथे काहीतरी वाटतं म्हणून." याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ती बाई डोकं टेकते हे मी पाहिलेलं आहे, आणि तिला जाऊन वैशेषिकांचा काल शिकवण्याइतकी मी निर्लज्ज नाही. एवढंच म्हणेन की तिच्या टेकण्याने कुणाला बाजूला बसावं लागत नाही. तळं शुद्ध करणाऱ्यांच्या पावित्र्यात आणि तिच्या पावित्र्यात हा फरक मला पुरेसा वाटतो. तत्त्वज्ञान्यांना पुरेल की नाही, त्यांचं त्यांनी बघावं.

शाळेत रोजचा दिनविशेष फळ्यावर लिहिण्याचं काम इतिहास माझ्याकडे म्हणून आपसूक माझ्याकडेच आलं होतं. गंमत अशी की गावाचे दोन मोठे दिवस त्या फळ्यावर कधी आलेच नाहीत. ६ जूनला उन्हाळ्याची सुट्टी, २५ डिसेंबरला नाताळची. २० मार्च यायचा, पण परीक्षेच्या धांदलीत, निम्मी मुलं फळ्याकडे पाठ करून उत्तरं घोकत असायची. फळ्याला सगळ्यात जास्त वाचक ऑगस्टमध्ये मिळायचे. बाहेर धो धो पाऊस, मैदानात गुडघाभर पाणी, मधल्या सुट्टीत सगळी शाळा व्हरांड्यात कोंबलेली.

आणि ऑगस्टमध्ये आमच्या तळ्याचा एक दिवस आहे, जो कुणीच साजरा करत नाही.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी किंवा सार्वजनिक पैशांतून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो कागदावरच राहिला; कागद खरा आहे का हे बघायलाच तर २० मार्चला माणसं तळ्यावर गेली. त्यानंतर त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तो दिवस ४ ऑगस्ट १९२७.

तीच तारीख. एकदा दिलं, एकदा काढून घेतलं, आणि मध्ये बरोबर चार वर्षं. नगरपालिकेने तारीख मुद्दाम निवडली असेल असं मला वाटत नाही. सभा त्या दिवशी भरली, इतकंच असावं. दिवसाला स्वतःचा स्वभाव असतो असं मानणाऱ्या कुणालाही मी ही ४ ऑगस्ट दाखवते. तिचं पंचांग मांडून दाखवा म्हणावं.

एका वर्षी मी दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहिल्या. १९२३ : ठराव मंजूर. १९२७ : ठराव रद्द. व्हरांड्यात आठवीतली एक मुलगी ओल्या दप्तरासकट फळ्यासमोर उभी होती. तिने दोन्ही ओळी वाचल्या आणि माझ्याकडे वळली.

"बाई, मग आजचा दिवस चांगला की वाईट?"

मी म्हटलं, "दिवसाला काय ठाऊक? ठराव करणारी माणसं होती, रद्द करणारीही माणसंच."

तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मोठी माणसं प्रश्न टाळताना असंच बोलतात, हा भाव तिच्या चेहऱ्यावर होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. तिने पुन्हा फळा वाचला. मग विचारलं, "पण पाणी शेवटी कधी मिळालं?"

मी सांगितलं, की ते प्रकरण कोर्टात गेलं, १९२७च्या डिसेंबरातच. खालचं कोर्ट, वरचं कोर्ट असं करत हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ला. तळं सगळ्यांचं आहे, असा.

तिने बोटांवर मोजलं. दहा वर्षं होतात हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने भुवया वर केल्या. घंटा झाली, मुलं वर्गांकडे पळायला लागली. ती जिन्यापर्यंत गेली आणि तिथूनच ओरडली, "बाई, म्हणजे हे मार्चमध्ये परत लिहावं लागणार!"